नानांचा शाकाहारी इग्वाना

मंडळी, मेहरूणच्या आमच्या नानांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. म्हणून त्यांनी कुत्र्याऐवजी इग्वाना पाळला. हातभर लांब हिरवा सरडा, फक्त पाला खाणारा. नानांच्या मते पूर्ण अहिंसक.

आज सकाळी मेथी भरवताना या तपस्व्याने नानांच्या अंगठ्यात दात रोवले आणि मान झटकली. मांस लोंबलं, रक्त माझ्या चहात उडालं, तरी तो सोडेना.

नानांच्या पत्नीने, अक्कांनी, वरवंटा उचलला.

"मारू नको, त्याले बी जीव शे," नाना विव्हळले.

"अन् तुमले नही का?" म्हणत अक्कांनी इग्वानाचं डोकं ठेचलं.

नानांना टाके पडले. अक्का अजून वरवंटा घासताहेत. मी संस्कृत शिकलेला, म्हणून मलाच विचारतात, यानं पुन्हा चटणी वाटायची का? शास्त्रात इग्वाना सापडत नाही. तुम्हीच सांगा, त्यांना काय उत्तर देऊ?