बोट चुकण्याचं गाऱ्हाणं

माझा स्वभाव मुळातच उतावळा. गाडी सुटायच्या तासभर आधी मी स्टँडवर हजर, आणि लग्नाच्या पंगतीत पहिल्या पानावर. घरचे हसतात, हसोत बापडे. पण त्या दिवशी मालवणात माझा जीव टांगणीला लागला होता त्याचं कारण माझा स्वभाव नव्हता. कारण माझी आई होती.

साल नेमकं आठवत नाही. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता आणि मुंबईला जायचं तर आम्ही बोटीनेच जात असू. मे महिना सरत आला होता. पाऊस लागला की बोटी बंद, म्हणून शेवटच्या बोटींना ही झुंबड. मी मुंबईत एका कचेरीत चिकटलो होतो, पण तात्पुरता. परवा सकाळी हजर झालो तर कायम करणार होते, नाही तर माझ्या खुर्चीवर बसायला दुसरा तयारच होता. थोडक्यात, त्या दुपारची बोट चुकली की नोकरी गेली. हे मी आईला दहा वेळा समजावलं होतं.

"कळला रे," ती म्हणायची. "तुका पोचवूक मालवणाक येतंय मी. किल्ल्यातल्या देवीक माझो एक नारळ देवचो आसा."

मालवण आमच्या गावापासून एसटीने दीड-दोन तासांवर, तरी आईने समुद्रातला तो किल्ला कधी पाहिला नव्हता. लग्नाआधी माहेरचं भात लावलं, लग्नानंतर सासरचं. वडील गेल्यावर शेत, काजू, गुरं, सगळं तिच्याच अंगावर पडलं. थोरला भाऊ 'जाऊन येतो' म्हणून गेला तो मुंबईचाच झाला. वर्षाआड गणपतीला यायचा आणि आमच्याच चुलीच्या धुराने त्याचे डोळे चुरचुरायचे. उरलो मी. तेव्हा तिचा एवढा शब्द मोडवला नाही. पहिल्या गाडीने निघालो, बोटीच्या तिकिटाचं काम उरकलं, ट्रंक तिथेच ठेवली आणि होडीकडे गेलो.

होडी भरेपर्यंत होडीवाला काही हलेना. मी किनाऱ्यावर येरझाऱ्या घालत होतो आणि आई वाळूतले शिंपले वेचून पदरात टाकत होती. "कित्या नाचतंस रे? समुद्र खंय पळान जाता?" म्हणाली. समुद्र नाही, बोट जाते, असं मी म्हणालो. होडीतल्या बायका हसल्या.

किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. आईला वाटलं होडी आता भिंतीवर आपटते. तिने माझा दंड असा धरला की नखं रुतली. आत गेल्यावर मात्र ती सगळं विसरली. महाराजांच्या हाताचा ठसा दाखवला तर तिथेच बसकण मारली. "अरे, केवढो ल्हान हात! माझ्याएवढोच आसा!" मग स्वतःचा हात उलटसुलट करून पाहत राहिली. पायाचा ठसा पाहिला. तटावर चढली, उतरली, पुन्हा चढली. प्रत्येक वेळी मी दक्षिणेकडे, वेंगुर्ल्याच्या बाजूला, येणाऱ्या बोटीचा धूर दिसतो का ते बघत होतो. ती मात्र तटावर वाळत घातलेलं कुणाचं तरी लुगडं बघून, हय माणसां रवतत, ती भात खंय करतत, असल्या चौकशा करत होती.

मग विहिरी. दूधबाव, साखरबाव, दहीबाव. चारी बाजूंनी खारट समुद्र आणि आत गोड पाणी, याचं तिला इतकं अप्रूप वाटलं की तिन्ही विहिरींचं पाणी चाखल्याशिवाय ती हलेना. साखरबावेचं पाणी तिने पिशवीतल्या बाटलीत भरलं.

"ह्या तुका. मुंबयचा पाणी तुका बादता."

"आये, बोटीत आधीच ओझा किती!"

"पाण्याचा कसला ओझा?"

मी कपाळावर हात मारला. ऊन चढत होतं, वारा वाढत होता, आणि देवीचा नारळ अजून व्हायचा होता.

देवळात दहा-बारा माणसं होती. गाऱ्हाणं घालायला एक म्हातारा बसला होता. अंगाने काटकुळा, आवाज मात्र खणखणीत. आमच्याकडे मागणं मनातल्या मनात ठेवून चालत नाही. सगळ्यांच्या देखत, मोठ्याने देवापुढे ठेवायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी होकार भरायचा. आईने नारळ पुढे केला, म्हाताऱ्याच्या कानाशी लागली, बराच वेळ कुजबुजली. म्हाताऱ्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आपल्या नोकरीचंच सांगते आहे. बरं वाटलं हो!

"बा देवी माऊली, ही तुझी लेक आज तुझ्या पायाकडे इली हा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"तिचा जा काय चुकला-माकला असात ता पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

म्हातारा चांगला रंगात आला. गुरांचं झालं, शेताचं झालं, पाहुण्यारावळ्यांचं झालं. माझं सगळं लक्ष बोटीकडे. हे लवकर आटोपावं म्हणून मी सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडू लागलो. लहानपणापासूनची सवय. वाक्याचा सूर खाली आला की तोंडातून आपोआप होकार निघतो, शब्दांकडे कोण लक्ष देतो?

"आणि ह्या झिलाच्या डोक्यात मुंबयचा जा काय भरला हा, ता काढून टाक! आजची तेची बोट चुकंव आणि तेका आवशीच्या उंबऱ्यात परत हाडून घाल!"

"व्हय म्हाराजा!" मी ओरडलो. खणखणीत.

मग लक्षात आलं, तो झील, म्हणजे मुलगा, मीच होतो. बाजूचा एक गृहस्थ तोंडावर उपरणं धरून हसत होता. म्हाताऱ्याने नारळ फोडला, दोन्ही शकलं पांढरीशुभ्र निघाली. आईने हात जोडले आणि पदराने डोळे पुसले.

बाहेर येताच मी भडकलो. "आये, काय मागलंस गो ता?"

"माझ्या मनात होता ता मागलंय."

"आणि माझी नोकरी?"

"तू पण व्हय म्हटलंस मा? सगळ्यांत मोठ्यान!"

संताप आला, रडू आलं, आणि खोटं कशाला सांगू, भीतीही वाटली. कचेरीत बसून मी देवाधर्मावर बऱ्याच शहाणपणाच्या गप्पा मारत असे. पण आपल्याच तोंडाने देवीला होकार दिलाय, हे काही डोक्यातून जाईना. तटावरून पाहिलं तर खाली दक्षिणेला धुराची बारीक रेघ दिसत होती.

परतीची होडीही भरेपर्यंत थांबली. समुद्र उसळत होता. धक्क्यावर उतरल्यावर आई म्हणाली, "जेवन घे. रिकाम्या पोटान बोट लागता."

"मुद्दाम वेळ काढतंस तू!"

"देवीक सांगलंय ना मी? मग मी कित्या वेळ काढू?" हे तिने अगदी सरळपणे सांगितलं आणि खानावळीकडे चालू लागली.

खानावळीत बांगड्याचं तिकलं, म्हणजे तिखट कालवण, आणि भात आला. वर सोलकढी. तसं तिकलं मी आयुष्यात परत खाल्लं नाही असं लोक लिहितात. मला त्याची चवच कळली नाही. घास कोंबत होतो आणि दारातून पाणी बघत होतो. आईने आपल्या ताटातला बांगडा माझ्या ताटात सरकवला. ती स्वतः सोलकढी-भातावर उठली. मग बाजारात थोरल्या भावाच्या पोरासाठी लाकडी फळं घेतली. रंगवलेलं वांगं हवं की आंबा, यावर तिचं ठरेना. शेवटी दोन्ही घेतली. मग गुळात घोळलेलं खाजं. आल्याचं खाजं चाखून बघत असतानाच बोटीचा भोंगा झाला.

मी पुडी तिथेच टाकून धावलो. ट्रंक उचलली, गर्दीतून वाट काढली, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. धक्क्याच्या टोकाला पोचलो तर बोटीकडे माणसं नेणारा शेवटचा पडाव सुटून पुढे गेलेला. मध्ये पाण्याचा चांगला मोठा पट्टा. मी हाका मारल्या. वाऱ्यावर कुणाला ऐकू येणार? वल्ही चालूच राहिली.

मी ट्रंकेवर बसलो. झालं, संपलं. कायमचं भात, कायमचे काजू. आई मागून धापा टाकत येत होती. आता हिचा चेहरा खुललेला असणार आणि तो मला बघावा लागणार, म्हणून मी मान खाली घातली. ती जवळ आली, वाकली, माझ्या तोंडाकडे बघितलं.

आणि खाज्याची पुडी, पाण्याची बाटली, सगळी पिशवी माझ्या मांडीवर टाकून तिने लुगडं आवळलं. "उठ!" म्हणाली. ट्रंक ओढली, डोक्यावर घेतली आणि बाजूच्या उतारावरून सरळ समुद्रात शिरली. सकाळी होडीत माझा दंड धरणारी बाई!

"रव रे मेल्या! माझो झील ऱ्हवलो! रव!"

शेतात गुरं हाकून कमावलेला आवाज तो. पडावातल्या माणसांनी वळून पाहिलं. वल्ही थांबली. डोक्यावर ट्रंक घेतलेली म्हातारी पाण्यातून चालत येते आहे, हे बघून पडाववाल्याने शिवी हासडली आणि पडाव मागे घेतला. मी पिशवी उराशी धरून तिच्यामागे. छातीभर पाण्यात तिने ट्रंक वर दिली, मला खालून ढकललं.

"आये, कित्या केलंस ह्या?"

"तुझा तोंड बघवला नाय माका," ती म्हणाली. "जा आता."

पडाव हलला. ती तिथेच उभी, लाटा खांद्यांपर्यंत येत होत्या. मग तिने हात जोडून किल्ल्याकडे तोंड केलं, आणि त्या म्हाताऱ्यासारखाच मोठा सूर लावला.

"बा देवी माऊली! सकाळी मागलंय ता मागे घेतंय! माझ्या झिलाक बोट गावली, तशी नोकरी गावंदे! सुखान रवांदे तो थंय!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा पडाव ओरडला. वल्ही मारणारेसुद्धा.

सकाळी सगळ्यांत मोठ्याने ओरडलो होतो तो मी. त्या वेळी मात्र माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.