निडीच्या पुढचा रस्ता

चहाचा ग्लास हातात आला की त्याचा उजवा अंगठा ग्लासाच्या कडेवर दाबला जायचा. दाबायचा, थोडा वेळ धरून ठेवायचा, सोडायचा. "जरासा जोर पायजे व्हता, सर," असं तो मध्येच म्हणायचा. कशाला, ते सांगायचा नाही. तुमच्याही ओळखीत अशी अर्धी वाक्यं बोलणारी माणसं असतील. आपण त्यांना विक्षिप्त म्हणतो आणि आपला चहा संपवतो.

पेणला माझा कॉम्प्युटर क्लास होता. तो तिथे शिकवायचा आणि बिघडलेली मशीनं उघडून बसायचा. रोह्याहून रोज रेल्वेने यायचा. गाडी चुकली तर पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर बसून राहायचा, पण रस्त्याने यायचा नाही.

"अरे, बसने यावं माणसाने."

"रेल्वेला ओव्हरटेक नसतो, सर."

मला तो विनोद वाटला होता.

क्लासला मुलं येईनाशी झाली तेव्हा मी त्याला मोटारशर्यतीचा एखादा गेम करायला सांगितलं. जुनं स्टिअरिंग आणि पेडलं आणून दिली. त्याने परदेशातले गुळगुळीत ट्रॅक घेतले नाहीत. नागोठण्याहून रोह्याला जाणारा रस्ता केला.

"एवढे खड्डे कशाला?" मी विचारलं.

"रस्ता ओळखू यायला नको?"

आपण चालवायची ती एक जुनी व्हॅन. पुढे लोखंड लादलेला ट्रेलर. वाटेतल्या निडी गावाच्या पुढे त्याला मागे टाकायचं, आणि नेमका तेव्हा समोरून टँकर यायचा. कुणालाच जमेना. मुलं कुरकुरली, "सर, व्हॅनमधी दमच नाय." मग त्याने स्टिअरिंगवर अंगठ्यापाशी एक बटण बसवलं. ते दाबलं की इंजिनाला थोडा वेळ जादा ताकद मिळायची. ती संपली की पुन्हा भरेपर्यंत थांबायचं. ते काम करताना मी त्याला पहिल्यांदा शीळ घालताना ऐकलं.

आपल्याकडे नारळ फुटल्याशिवाय काही सुरू होत नाही, त्यामुळे उद्घाटन ठेवलं. गावातले एक मोठे पाहुणे आले. प्रगतीच्या वेगावर बोलले, फीत कापली आणि शालीसकट स्टिअरिंगवर बसले. निडीच्या पुढे त्यांनी बटण दाबलं. व्हॅन उसळली. ट्रेलरही उसळला. दोन्ही शेजारी शेजारी धावत राहिले आणि समोर टँकर आला. पडद्यावर काच तडकली.

"ट्रेलर विरोधी पक्षाचा दिसतोय," पाहुणे म्हणाले. टाळ्या पडल्या.

चूक साधी होती. गेममधल्या सगळ्या गाड्या त्याने एकाच साच्यातून काढल्या होत्या, आणि जादा ताकद व्हॅनला द्यायची ती साच्यालाच दिली होती. पेणच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. साच्यात जे असेल ते प्रत्येक गणपतीच्या मूर्तीत उतरतं.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "एवढं दुरुस्त कर, म्हणजे झालं."

तो पडद्याकडे बघत होता. "नको, सर. आता बरोबर झालाय."

"काय बरोबर झालंय?"

"तो पण असाच पळाला व्हता."

मग त्याने सांगितलं. व्हॅन धाकटा भाऊ चालवत होता, हा शेजारी बसला होता. आईचा फोन येऊन गेला होता, ताटं वाढलीत म्हणून. पुढे ट्रेलर. भावाने विचारलं, "दादा, जाऊ?"

"मी म्हटलं, जा."

भाऊ घरी पोचलाच नाही, आणि इतकी वर्षं तो व्हॅनच्या ताकदीला दोष देत होता. "जोर कमी नव्हता, सर. आपण निघालो ते बघून त्यानंबी पाय दाबला. आपल्याकडं मागचा पुढं जातोय दिसला का दाबतातच. कितीबी जोर दिला असता तरी तेच."

स्कूटरवर मीही पाय दाबलेला, म्हणजे मूठ पिळलेली आहे. तुम्हीही पिळली असेल.

"म्हणजे चूक तुझी नाही," मी तरीही म्हणालो.

"‘जा’ मीच म्हटलं," तो म्हणाला. त्यानंतर त्याचा अंगठा कधी हलला नाही. चहा तो निमूट प्यायचा.

मुलं पुन्हा येईनाशी झाली. एक दिवस तोही आला नाही. रोह्याच्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "आई मागंच गेली त्याची. तो कंत्राटावर गुजरातला गेला म्हनतात." फोन लागत नाही.

क्लास बंद करताना मी शेवटचा त्या स्टिअरिंगवर बसलो. बटण दाबलं नाही. ट्रेलरच्या मागे, त्याच्याच चालीने, खड्डे खात राहिलो. टँकर शेजारून निघून गेला. शर्यतीत असं कुणी करत नाही, म्हणून निडीच्या पुढे काय आहे ते आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. त्याने सगळा रस्ता केलेला होता. झाडं, दुकानांच्या पाट्या, रोह्याचं वळण, एक गल्ली. गल्लीच्या टोकाला निळ्या दाराचं घर. दार उघडं, आणि आत जमिनीवर झाकून ठेवलेली दोन ताटं.

व्हॅन दारात थांबली. इंजिन घुरघुरत राहिलं. ते बंद करायचं बटण मी बराच वेळ शोधलं. त्याने ते केलेलंच नव्हतं.