झाडावरच्या चिंध्या

जंगलात गेलं की मन शांत होतं, असं आमच्या नायगावच्या सोसायटीत जो तो म्हणतो. म्हणोत बापडे. मला हिवाळा सरतानाचं जंगल कधीच शांत दिसलेलं नाही. साग पानं टाकून उघडाबोडका उभा असतो, काटेसावरीची फुलं धपकन डोक्यात पडतात, आणि एखादा शिक्रा साळुंकीला पायाखाली दाबून, ती ओरडत असतानाच तिची पिसं उपटत बसलेला असतो. तरी आम्ही दर रविवारी जायचो, कारण कुत्रीला जायचं असायचं.

कुत्री माझी होती. आमच्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये जन्मलेली, पिवळी, एका कानाचा शेंडा तुटलेली. मुलगी लग्न होऊन गेल्यावर मी दिवसभर बोलायचे ती हिच्याशीच. ह्यांच्याशी काय बोलणार! निवृत्त झाल्यापासून ह्यांना स्वच्छतेचं वेड लागलेलं. जंगलात येतानाही खांद्याला गोणपाटाची पिशवी, आणि वेफर्सची पाकिटं, बाटल्या, दोऱ्या, झाडाला लटकलेली फडकी, दिसेल ते त्या पिशवीत. मी चिडवायचे, "अहो, पानंपण गोळा करा, जंगल अगदी चकाचक होऊ दे." हे हसायचे आणि वाकायचे.

त्या रविवारी चांदीप गावात स्कूटर लावून आम्ही शेतांच्या कडेने वर चढलो. भात कधीच निघालं होतं, त्या जागी वाल शेंगांवर आला होता. रात्री डुकरं उतरत असावीत. बांधावरची माती नांगरल्यासारखी उकरलेली होती. वर झाडीत शिरलो तसा पाचोळा इतका वाजायला लागला की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. कुत्री पुढे पळाली. हेही पुढेच कुठल्याशा फांदीवरचं काहीतरी सोडवून पिशवीत टाकत होते.

मग ती किंचाळली. कुत्र्याच्या गळ्यातून असा आवाज निघतो हे मला माहीत नव्हतं. मी धावले. एका कोवळ्या ऐनाच्या बुंध्याला मोटारसायकलची क्लच वायर बांधलेली होती आणि तिच्या फासात कुत्रीची मान. ती उड्या मारत होती, आणि प्रत्येक उडीला फास आणखी आत रुतत होता. मी तिला कवटाळून माझ्याकडे ओढलं. आपलं माणूस अडकलं की आपण ओढतोच. ह्यांनी वायरीखाली बोटं घालायला पाहिली तर तिने ह्यांच्या तळहाताचा लचका तोडला. तिची जीभ निळी पडली. माझ्या ब्लाउजवर रक्त होतं, कोणाचं ते कळत नव्हतं. मी ओरडत होते, देवाला शिव्या देत होते.

खालच्या शेतातला माणूस कोयता घेऊन धावत आला. बनियन, गुडघ्यापर्यंत लुंगी. त्याने मला बाजूला ढकललं, कुत्रीच्या अंगावर गुडघा रोवला आणि तिला झाडाच्या बाजूला दाबायला लागला. मला वाटलं, हा तिला मारतोय. पडलेली जाड फांदी उचलून मी त्याच्या पाठीत घातली. एकदा नाही, पुन्हा घातली. तो हलला नाही. वायर सैल झाली, फास डोक्यावरून निघाला. कुत्रीने एक श्वास घेतला, घरघर आवाज केला आणि पुढचा घेतला नाही.

"फास तुझाच ना?" मी विचारलं.

"माजाच. डुकरासाटी लावला व्हता." तो पाठ चोळत म्हणाला. "पन चिंदी बांदली व्हती, ताई. फास लावला का वरती चिंदी बांदतातच. आमच्या गावान ल्हान पोरांना पन म्हाईत हाय, चिंदी दिसली का तिथून पाय काढाचा."

"खोटं बोलतोस!" मी त्याच्या बनियनला धरलं. "कुठाय चिंधी? दाखव!"

त्याने वर पाहिलं. फांदीवर काही नव्हतं. तो गोंधळला, आणि मला त्याच्या गोंधळण्याचाही राग आला. तुला वनखात्याच्या हवाली करते, तुझे हात तुटोत, असं नको नको ते बोलले. ह्यांनी खांद्यावरची पिशवी घट्ट आवळून धरली होती. मला वाटलं, हात दुखतोय.

कुत्रीला उचलून न्यायला काही नव्हतं. मी ह्यांच्या खांद्यावरची पिशवी हिसकावली आणि तिथेच उलटी केली. पाकिटं, बाटल्या, सुतळी. आणि त्यात लुगड्याच्या हिरव्या काठाची एक चिंधी, नुकतीच सोडलेली, गाठीचा पीळ तसाच. खाली आणखी दोन, लाल.

"ही माजी," तो हिरवी उचलून म्हणाला. मग लाल चिंध्यांकडे बघून त्याचा आवाज बदलला. त्याने ह्यांची कॉलर धरली. "ह्या दुसऱ्यांच्या हायेत. कुठून काडल्या? बोला! माजी सून सरपनाला वर गेलीय, तिच्या मागं नातू गेलाय!"

ह्यांना आठवेना. त्यांना सगळी झाडं सारखीच. एका मुठीत लाल चिंध्या आणि रक्ताळलेला हात छातीशी धरून ते त्या माणसापुढे वर चढले आणि मी खाली, कुत्रीला पिशवीत घालून, मांडीवर घेऊन बसले. गोणपाटातून तिची ऊब लागत होती. वरून त्या माणसाने सुनेला मारलेल्या हाका येत होत्या. मला ह्यांचा जीव घ्यावासा वाटत होता, खरंच वाटत होता.

खूप वेळाने सगळे उतरले. सून, तिच्या डोक्यावर मोळी, तिच्या पदराला धरून पोर. दोघं धड होती. एका लाल चिंधीची जागा सापडली होती. दुसरीची सापडलीच नाही.

ह्यांच्या मुठीत ती तशीच होती. जिथे शेत संपून झाडी सुरू होते तिथे हे थांबले, आणि एका हाताने व दातांनी तिथल्या पहिल्याच झाडाला ती बांधली. गाठ नीट बसेना. मी बघत उभी राहिले, मदत केली नाही.