गाठींची बाजू
मशीनला तेल घातलं की त्या वासाबरोबर वाईचा तो हिवाळा आठवतो. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि त्यांच्याच जुन्या लुगड्यांची वाकळ मी मोबाइलवरचे व्हिडिओ बघत मशीनवर शिवायला शिकत होते. कापड पुढे ढकलणारे दात खाली पाडायचे आणि दोन्ही हातांनी कापड हवं तसं फिरवायचं, की वेली-फुलं उमटतात. माझ्या वेली वरून झकास उमटल्या, पण सुती दोरा सारखा तुटतो म्हणून मी नायलॉनचा लावला होता. त्याचे खालच्या बाजूला गुंते होऊन कडक गाठी बसल्या. नक्षी दिसावी म्हणून गाठींची बाजू त्यांच्या अंगाकडे करून मी ती त्यांना पांघरली. "उलटी कर की गं, लय टोचतंय," त्या एकदाच म्हणाल्या. "आवं आत्या, बघायला माणसं येत्यात, तेवढं सोसा की," मी फणकारले. आल्यागेल्याला मात्र त्या "सुनंनं शिवलीया" म्हणून दाखवत राहिल्या. आठवड्याभरात गेल्या. शेवटची अंघोळ घालताना हातापायांच्या पातळ कातडीवर लाल डागच डाग दिसले. पाणी ओतता ओतता शेजारणीनं विचारलं, "डास लय चावलं व्हय गं म्हातारीला?" मी "व्हय" म्हणाले. आता मी लोकांना शिवून देते त्या वाकळींना खालून एकही गाठ सापडत नाही. परवा तीच शेजारीण नवी वाकळ न्यायला आली आणि तिच्यावरून हात फिरवत म्हणाली, "असल्या वाकळीत म्हातारी सुखानं गेली बघ."