एवारिस्तो मामाची खूण

माझा मामा एवारिस्तो रडणाऱ्या माणसाला हसायचा. मनाने वाईट नव्हता, पण रडणं हा प्रकारच त्याला कळायचा नाही. त्यामुळे तो बेल्जियमचा म्हातारा आमच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर बसून लहान मुलासारखा रडायला लागला तेव्हा मामा सगळ्यांदेखत हसला, आणि तिथेच अडकला.

म्हातारा निवृत्त पोस्टमन होता. जगभर हिंडून त्याने पक्षी पाहिले होते, आणि आमचा रायादितो तेवढा राहिला होता. हा पक्षी आमच्या या बेटाशिवाय जगात कुठेच नाही. बेटाला आम्ही नुसतं आफ्वेरा म्हणतो, म्हणजे बाहेरचं. चिलीच्या किनाऱ्यावरून आधी आमच्या मोठ्या बेटावर यायचं, तिथून शेवंडी, म्हणजे मोठे झिंगे, नेणाऱ्या बोटीची वाट बघायची, ओकत ओकत इथवर पोचायचं, लाट मागे सरली की होडीतून उडी मारायची. एवढं करूनही पक्षी खाली नसतोच. तो पार वर, ढगात, माणसाहून उंच नेच्यांमध्ये राहतो. म्हाताऱ्याने सगळं केलं. पण तो होता तोवर ढग डोंगरावरून हलला नाही, आणि आता परतीची बोट भोंगा देत होती.

"आजोबा, पाखरासाठी रडताय?" मामा म्हणाला. "या, शेवंड खाऊ घालतो. तीही तांबूस असते, आणि दिसते तरी!"

सगळे हसले. म्हाताऱ्याने नाक पुसलं आणि मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, "तुम्ही पाहिलाय?"

"मी? मला काय करायचंय!"

"जन्म त्याच्या खाली काढलात, आणि पाहिला नाही?"

टोमणा असता तर मामाने परतवला असता. पण म्हाताऱ्याला खरोखर मामाची कीव आली होती. ती कीव मामाला जी लागली ती लागलीच.

आता मामाबद्दल सांगायला हवं. आम्ही सगळे शेवंडी पकडणारे. ऑक्टोबर आला की कोंबड्या, कुत्री, गोधड्या घेऊन आफ्वेराला यायचं आणि मे महिन्यात परत जायचं. समुद्रात प्रत्येक घराण्याच्या पिंजऱ्यांच्या जागा ठरलेल्या असतात. तिथे पाटी नसते, कुंपण नसतं. जागा सापडते ती खुणेवर. किनाऱ्यावरची एक वस्तू आणि तिच्या मागे डोंगरावरची दुसरी, या दोन एकमेकींवर आल्या की होडी बरोबर जागेवर. कोणाची जागा साधारण कुठे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो कोणत्या दोन वस्तू जुळवतो हे कोणी विचारत नाही. तसं विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणं. खूण बाप मुलाला देतो, तीही होडीत, बाकी कोणी नसताना.

मामाला मूल नव्हतं. मामी वैतागून कधीच शहरात निघून गेली होती. त्याच्या होडीत मी होते, बहिणीची मुलगी, तिशी ओलांडलेली, त्याच्या भाषेत 'जिभेला लगाम नसलेली ओरिएता'. पिंजरे ओढायचे मी, आमिष भरायचं मी, आणि जागेजवळ आलो की हुकूम सुटायचा, "पाण्याकडे बघ! डोंगराकडे माझं काम." मीही मान वळवायची नाही. पण त्याचा उजवा डोळा केव्हाच पांढरा झाला होता आणि डाव्यावरही साय धरू लागली होती. डॉक्टरने आशा फारशी दाखवली नव्हती. खूण जुळवायला त्याला आता वेळ लागायचा. मी पाण्याकडे बघत गप्प बसायची.

बोट गेल्यावर आठवडाभर मामा धड जेवला नाही. मग एका सकाळी आकाश निवळलं तसा म्हणाला, "चल. वर जायचंय."

"कशाला?"

"डोळा आहे तोवर बघून घेतो त्या पाखराला. हसायचं असेल तर आत्ताच हस, वर दम राहणार नाही."

"आणि वाट?"

"वाट मला विचारतेस? हा डोंगर मी जन्मभर बघतोय!"

हीच तर गफलत होती. त्याने डोंगर बघितला होता तो समुद्रातून. होडीतून ज्या दोन सोंडा एकच दिसतात त्यांच्यामध्ये एक भलीमोठी घळ होती, आणि आम्ही तिच्यात उतरून बसलो. पुढे होडीतून ज्याला तो 'सपाट पाठ' म्हणायचा, ती निघाली उभी कातळभिंत. रानबोकडांच्या वाटेने आम्ही हातापायांवर चढत होतो, आणि आमच्याकडचे ससाणे माणसाला भीत नाहीत, त्यातला एक दगडादगडावर बसत आमचं भांडण ऐकत बरोबर येत होता.

"मामा, समुद्रातून बघून डोंगर चढता येत नाही!"

"डोंगराने जागा बदलली असेल."

"हो, तुला बघून पळाला असेल!"

दुपारी आम्ही नेच्यांत शिरलो आणि भांडण आपोआप थांबलं. काळे केसाळ बुंधे, वर छत्र्यांसारखी पानं, सगळीकडून थेंब ठिबकतायत. ढग आमच्यामधून चालत होता. मला देवळात शिरल्यासारखं वाटलं आणि मी उगाच टोपी काढली. मामा एका ओल्या काळ्या खडकाला टेकून बसला.

"काही दिसत नाही," तो म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. "ढग आहे का माझा डोळा आहे, तेही कळत नाही. चल खाली."

तेवढ्यात आवाज आला. कोरडा, बारीक, टर्रर्र. मी मान वळवली आणि तो होता.

मुठीत मावेल एवढा. तपकिरी डोकं, पंखावर विटकरी पट्टा, आणि शेपटीची टोकं काट्यांसारखी. पानाच्या दांड्याला उलटा लटकून तो किडे टिपत होता. चारी बाजूंना महासागर, आणि या जातीला जगात हे एवढंच घर.

"मामा! समोर!"

"कुठे?"

"त्या नेच्यावर!"

"सगळे नेचेच आहेत, बाई!"

मी बोट दाखवलं, त्याची हनुवटी धरून वळवली. त्याला दिसेना. पक्षी एका पानावरून दुसऱ्यावर गेला. आत्ता उडेल, आणि मामाचा डोळा तसाच विझेल, या भीतीने मला रडू फुटायला आलं. मग एकदम सुचलं.

"मामा, मोडका दांडा दिसतो? जाड, काळा?"

"दिसतो."

"त्याच्या मागे कातळावर पांढरा डाग?"

"आहे."

"दांडा डागावर आण."

मामाने श्वास रोखला. डोकं हळूहळू डावीकडे नेलं, आणि गुडघ्यावरचा हात सुकाणू धरल्यासारखा हलला.

"आणला."

"आता सरळ वर. वीतभर."

त्याने नजर तशी वर नेली. ती तिथेच खिळली. पक्षीही जागचा हलला नाही. मग मामाच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं, आणि ते त्याने पुसलंही नाही, पुसताना पक्षी दिसायचा राहिला असता.

"काटे आहेत गं शेपटीला," एवढंच म्हणाला.

पक्षी आपल्या वेळेला गेला. थोड्या वेळाने वाऱ्याने आमच्या पायाखालचा ढग फाडला आणि सरळ खाली समुद्र उघडा पडला. किनाऱ्याच्या कड्यावरचा एक पांढरा ओघळ, त्याच्यापुढे निळं पाणी. मामा पापणी न लववता बघत राहिला. मग त्याने पाठीमागचा खडक चाचपला, वरपासून खालपर्यंत, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा.

"दाढ," तो पुटपुटला. "ओरिएता, ही माझी दाढ आहे."

"काय?"

"जन्मभर रोज होडीतून या खडकाकडे बघितलं. इथेच बघत होतो मी. त्या पाखराच्या दारात."

मला कळलं तशी मी झटकन मान फिरवली आणि नेच्यांकडे बघायला लागले. सवयच ती.

"इकडे बघ," मामा म्हणाला.

"नको. ती तुझी खूण आहे."

"तू मला दिलीस, ती मी घेतली. खूण फुकट घेत नाहीत. बघ इकडे. खाली तो पांढरा ओघळ. होडीतून बघताना ओघळावर दाढ आणायची. किंचित उजवीकडे ठेव, नाहीतर पिंजरा खडकात अडकतो. तुझ्या आजोबांनी मला हेच सांगितलं होतं."

मी बघितलं. त्याच्याच शब्दांत ते परत म्हणून दाखवलं.

खाली आलो तर सगळे वाटच बघत होते. दिसला का? दिसला. कुठे? मामाने माझ्याकडे बघितलं. "वर," तो म्हणाला. त्यावर जो काय हशा पिकला! एवारिस्तो थापा मारतोय, ढग बघून आलाय. एरवी असल्या बोलण्यावर हातघाईवर येणारा मामा त्या दिवशी शांतपणे भाकरी खात बसला.

पुढच्या मोसमापर्यंत डावा डोळाही गेला. तरी तो आला. आता सुकाणू माझ्या हातात असतं आणि तो पुढे बसून दोर चाचपतो. जागा जवळ आली की मी ओरडते, "पाण्याकडे बघ, मामा! डोंगराकडे माझं काम."

ऐकतो थोडाच. पांढरे डोळे डोंगराकडे करून विचारतो, "ढग आहे?"

"होता. आत्ता सरकला. दाढ दिसतेय."

"मग असेल तो दारात," मामा म्हणतो, आणि दोर ओढायला घेतो.