नागम्माबाईंनी फोन का काढू दिला नाही

डूख धरावा तर आमच्या आत्याबाईंनी. आत्याबाई म्हणजे माझी सासू, नागम्मा. लातुरात क्लासच्या पोरांची खानावळ चालवायच्या. चाळीस पोरं जेवायची, एकाच्या ताटात भाकरी कमी पडली नाही कधी. पण शेजारच्या हणमंतअण्णांवर सोळा वर्षं दात धरून होत्या.

माझे मालक, शिवकुमार, दर महिन्याला घरातल्या फोनपायी आईशी भांडायचे. "आई, हे डबडं काढून टाकू. तुला मोबाइल घेऊन देतो, कमरेला खोचून हिंड." आत्याबाई म्हणायच्या, "मी जिती हाय तवर वायर हलवायची न्हाई." गल्लीत एकेकानं फोन काढला होता. कुणी बिनतारी घेतला, कुणी मोबाइल. हणमंतअण्णांनी तर सगळ्यांच्या आधी काढला. आमचा मात्र कोनाड्यात, विणलेल्या झाकणाखाली. ते झाकण दर सोमवारी धुवायचं माझ्या नशिबी. मला लई राग यायचा, कशाला खोटं बोलू.

मग एकदा त्यांनी मला सगळं सांगितलं. तेव्हापासून झाकण मी मुकाट्यानं धुऊ लागले.

भूकंप झाला तेव्हा गल्लीत फोन एकच, हणमंतअण्णांचा. सगळ्यांच्या लग्नपत्रिकांवर त्यांचाच नंबर, पुढं कंसात पीपी. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, निरोप तुमचा. फोन आला की अण्णा पायरीवरून हाक मारायचे. मर्जी असली तर.

आत्याबाईंचं माहेर किल्लारीकडचं. गाव भुईसपाट झालं. मामंजी शोधायला गेले, तर पोलीस गावात कुणाला सोडेनात. धाकटा भाऊ रेवणसिद्ध आहे की गेला, काही कळेना. इकडं सगळी गल्ली घराबाहेर मांडव घालून राहिलेली, आणि आत्याबाई त्याच मांडवात अण्णांपासून दहा हातांवर बसून होत्या.

रेवणसिद्ध जिवंत होता. पाय चेंगरलेले, सोलापूरच्या एका दवाखान्यात नेला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं नर्सला नंबर सांगून फोन लावायला लावला. अण्णांनी उचलला. "निरोप देतो," म्हणाले, आणि मांडवात येऊन पत्ते खेळत बसले. तीन दिवस गेल्यावर सुपारी कातरता कातरता म्हणाले, "अक्का, तुझ्या भावाचा फोन आला होता बघ परवा. ध्यानातूनच गेलं."

आत्याबाई सोलापूरला पोचल्या तर तो आदल्या संध्याकाळी गेलेला. नर्स म्हणाली, तीन दिवस विचारत होता, अक्का आली का.

त्याच महिन्यात आत्याबाईंनी फोनचा अर्ज भरला. चार वर्षांनी फोन आला. "एक दिवस अण्णाचा फोन माझ्या घरी येईल," मला म्हणाल्या. "मग बघते." अण्णांची एकुलती लेक दामिनी नांदेडकडं उमरीला दिली, तेव्हा आत्याबाईंनी तिची ओटी भरली आणि समोर बसवून आपला नंबर पाठ करून घेतला. मला वाटलं, माया. येडीच मी.

भूकंपाला सोळा वर्षं झाली, त्या वर्षी लोडशेडिंगनं कहर केला होता. एका दुपारी सकाळपासून लाईट नव्हती, गल्लीतले मोबाइल मेलेले. पोरं जेवत होती. आमचा फोन वाजला, त्याला लाईट लागत नव्हती. आत्याबाईंनी उचलला. दामिनीचा नवरा नांदेडहून बोलत होता, इतक्या मोठ्यानं की मला चुलीपर्यंत ऐकू आलं. दिवस भरले होते, बाळ आडवं आलेलं, ऑपरेशनला न्यायलेत. ती म्हणते, बाबांशी बोलल्याशिवाय आत जाणार नाही. त्यांचा मोबाइल बंद. "पाच मिनिटांनी परत लावतो, तवर बोलवा."

"निरोप देते," आत्याबाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि पाटावर बसल्या.

माझी भाकरी करपली. खरं सांगते, एक मिनिट मलाही वाटलं, बसू दे. कळू दे त्या माणसाला. पण मी पण दोनदा ऑपरेशनच्या टेबलावर पडलेली बाई. उठले, तर म्हणाल्या, "बस खाली. हे माझं हाय."

मग स्वतः उठल्या, पायरीवर गेल्या. "हणमंतराव, फोन!"

अण्णा म्हणून नाही, नावानं हाक मारली. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

अण्णा अनवाणी आले. "तुमच्या लेकीला ऑपरेशनला नेतात," आत्याबाईंनी सांगितलं, तेवढ्यात फोन वाजला. अण्णांनी हात पुढं केला. आत्याबाईंनी रिसीव्हरवर पंजा दाबला.

"आधी नाव घ्या."

"कुणाचं?"

"सोलापूरहून माझ्यासाठी फोन केला होता, त्याचं."

फोन वाजत होता. पोरांचे घास हातात राहिले. अण्णा माझ्याकडं बघतात, पोरांकडं बघतात. "अक्का, कधीचं बोलायलीस तू?"

त्यांना आठवतच नव्हतं. नाव नाही, फोन नाही, काहीच नाही. आत्याबाईंचं तोंड तेव्हा जसं झालं, तसं वैऱ्याचंही होऊ नये. सोळा वर्षं बाईनं जे उराशी धरलं, ते या माणसानं एक दिवस पण ठेवलं नव्हतं.

"रेवणसिद्ध," त्या म्हणाल्या. "म्हणा."

"रेवणसिद्ध."

"पुन्हा."

तीनदा म्हणायला लावलं. "तीन दिवस वाट बघितली त्यानं," म्हणाल्या, आणि हात काढला.

अण्णा लेकीशी बोलले आणि तसेच नांदेडच्या एसटीत बसले. दामिनी वाचली, मुलगी झाली. अण्णांनी पेढे आणून दिले. आत्याबाईंनी पोरांना वाटून टाकले, स्वतः कण तोंडात घातला नाही.

त्या सोमवारी मी झाकण धुवायला काढलं, तर म्हणाल्या, "राहू दे." फोन पिशवीत घालून मालकांना घेऊन टेलिफोन ऑफिसात गेल्या. फोन परत करायच्या अर्जावर कारण विचारलं होतं. मालक म्हणाले, "मोबाइल घेतला, असं लिहू का?"

"काय बी लिही," आत्याबाई म्हणाल्या. "आता कुणाचा फोन यायचा राहिला न्हाई."