दारातल्या चपला

गॅलरीकाकूंच्या दारात नेहमी ढीगभर चपला असायच्या आणि आत चिटपाखरू नसायचं. चपला सगळ्या घरच्याच. काकांचे स्टील प्लांटमधले जुने बूट, मुलाने टाकून दिलेल्या सँडल, एक जोड तर माझाच, मी काकूंच्या मदतीला असायचे. प्रदर्शन असलं की काकू सकाळी त्या मुद्दाम वेड्यावाकड्या मांडायच्या, नुकतीच माणसं आत गेल्यासारख्या. "दारात चपला दिसल्या का मानूस आत येते, नंदा. रिकाम्या दारात कोनी पाय ठेवत नाही." मी हसले की रागवायच्या.

प्लांटच्या ऑफिसातून रिटायर झाल्यावर त्यांनी सेक्टर दोनमधलं प्लांटचं क्वार्टर सोडलं आणि जुनवानीतल्या नव्या घराच्या पुढच्या हॉलची गॅलरी केली. लोक रिटायर झाले की काशीला जातात, यांनी भिंतींना पांढरा रंग दिला. ज्यांना कुणी भिंत देत नाही त्यांची चित्रं लावायची, एवढाच हट्ट. खेड्यात मातीच्या भिंती रंगवणाऱ्या बाया, आणि इथून, छत्तीसगढातून, पोटासाठी दूर गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं. मुलगा म्हणायचा, "आई, यहाँ कौन आएगा?" काकू त्याच्याशी कडाकडा भांडायच्या, पण धास्ती त्यांनाही तीच होती. खिडकी ते दार नुसत्या येरझारा. "कोनी येईन का वं?" हे इतक्यांदा विचारायच्या की मीही खिडकीत जाऊन उभी राहायचे.

चित्राखाली कलाकाराचं गाव लिहू द्यायच्या नाहीत. "गाव लिहलं का लोक चित्र सोडून गावच पाहते," म्हणायच्या. फूलमतीच्या वेळी मात्र गाव लिहायला हात शिवशिवत होता त्यांचा. फूलमती आसामच्या चहाबागेतली. तिची पणजी इथल्याच कुरुदकडून चहा तोडायला गेली ती परत आलीच नाही. घरात ऐकून ऐकून राहिलेली छत्तीसगढी ती अजून बोलायची, आणि तागाच्या पोत्यांवर चित्रं काढायची. तिची चित्रं आजवर कुठेच लागली नव्हती. काकूंनी तिला फोनवरच शोधलं, फोनवरच बोलावलं. चित्रं आधी पार्सलने आली. पणजीने सोडलेल्या मुलखात ती लोकांनी पाहावी, फूलमतीने स्वतः उभं राहून दाखवावी, एवढ्यासाठी काकूंचा जीव टांगणीला लागला होता.

प्रदर्शनाच्या दिवशी तिची गाडी कधीच दुर्ग स्टेशनात येऊन गेली होती आणि फूलमतीचा फोन बंद. "परत तं नाही गेली ना वं? मीच बलावलं, काही झालं तं मी काय तोंड दाखवू?" काकूंचा चेहरा पांढरा पडला होता. खिडकीतून पाहत होत्या, पण रिक्षा काही येईना. फाटकाजवळ बदामाच्या झाडाखाली एक बाई बोचकं घेऊन बसलेली तेवढी दिसत होती. शेवटी काकूच म्हणाल्या, "उन्हाची बसून राहिली बिचारी, पानी तरी देतो." मी मागोमाग गेले.

बाई घटाघटा पाणी प्यायली आणि तिने हळूच छत्तीसगढीत विचारलं, "साहेब मन निकल गिन का?" साहेब लोक गेले का, असं.

"कोन साहेब?"

तिने दारातल्या चपलांकडे बोट केलं. चहाबागेत साहेबांच्या बंगल्यावर गेलं की आतली माणसं जाईपर्यंत बाहेर थांबायचं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. सकाळपासून ती त्या चपला निघायची वाट पाहत होती.

काकूंनी फोनवरचा आवाज ओळखला. फूलमतीचा हात धरून त्यांनी तिला आत तिच्या चित्रांपुढे नेलं, मग बाहेर येऊन सगळ्या चपला कवेत घेतल्या आणि मागच्या अंगणात फेकून दिल्या. रडत होत्या. "मले वाटे चपला लोकायले बलावते. ह्या तं हाकलून राहिल्या होत्या, नंदा." त्या दिवशी लोक आले ते मोजकेच. पण फूलमती प्रत्येकाला चित्र समजावत होती, आणि काकूंनी एकदाही 'कोनी येईन का' विचारलं नाही.

त्यानंतर त्यांची भीती बदलली. दुसरंच विचारू लागल्या, "बाहेर पाह्यलं का?" शेवटी दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा बोलायचं त्राण नव्हतं, तरी मला पाहून तेच विचारलं. मी पाहून आले म्हटलं, तेव्हा कुठे डोळे मिटले.

काकू गेल्या. गॅलरी आता मी उघडते. कधीकधी दुपारपर्यंत कुणी येत नाही, जीव घाबरा होतो, मागच्या अंगणातून दोन-चार जोड आणून मांडावेसे वाटतात. मग मी उठते आणि बदामाच्या झाडापर्यंत जाऊन येते.